घडणावळ

"गेले दुडू!"

दुडू म्हणजे पैसे. अंधारात काका एवढ्या मोठ्याने बोलले की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. पडद्यावर मयताचे घर होते. घरचा कर्ता पुरुष गेलेला, म्हातारी बायको खोलीतून बाहेर यायला तयार नाही, मुलगी त्रागा करतेय, कारण ज्या दिवसांत नातीचा साखरपुडा व्हायचा नेमक्या त्याच दिवसांत बापाने डोळे मिटलेत. आता घर दुखात गेले. म्हणजे शुभकार्य लांबले. सभागृहात नुसती शांतता, आणि त्या शांततेत माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या काकांनी आपले मत दिले. आधी कोणीतरी फिसकन हसले, मग सगळेच हसले. माझे कान गरम झाले. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि पडद्याकडे बोट करून हळूच म्हणाले, "हसूं देत. डाग घडवणारा हसचो ना." दागिने घडवणारा हसणार नाही, म्हणजे.

मडगावातल्या एका छोट्या सभागृहात 'त्रिकाल' लावला होता. त्याचे दिग्दर्शक श्याम बेनेगल २०२४च्या डिसेंबरात गेले, त्यानंतर काही महिन्यांनी. मी काकांना मुद्दाम नेले होते. घरात बसून बसून ते सगळ्यांवर खेकसू लागले होते, आणि गोव्यावरचा सिनेमा आहे, १९६१चा काळ आहे, तुम्हाला ओळखीचे काही दिसेल, असे मी गाडीत दोनदा सांगितले होते. नाव ऐकून त्यांनी विचारले, "त्रिकाल म्हणजे संध्येवरचा काय?" संध्या त्यांनी मुंजीनंतर सहा महिन्यांत सोडली. सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, मध्ये एकदा डुलकी काढली, एकदा बाहेर जाऊन आले. मोठ्याने बोलले मात्र ते एकच वाक्य. परतीच्या वाटेवर बोरीचा पूल येईपर्यंत मी गप्प होते. रागावले होते असे नाही. पण त्या हसण्यात मीसुद्धा होते, हे मला टोचत होते. म्हातारा माणूस सिनेमा बघताना भलतेच बोलतो, एवढाच त्यातला विनोद मला कळला होता.

फोंड्याला चहासाठी थांबलो. मिरची भजी आली, ती काकांनी चार वेळा फुंकून खाल्ली, आणि मग बशीतला चहा भुरकत विचारले, "एकशे पंचेचाळीस गुणिले सहा किती?"

आठशे सत्तर, मी म्हटले.

"बरोबर," ते म्हणाले. "बाबांनीपण तेच काढले होते."

आमचे घर माशेलचे. सोनाराचे. आजोबांची बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, ऐरण, तार ओढायचे जंतर हे सगळे माझ्या लहानपणी माडीवरच्या एका पेटाऱ्यात होते, आणि त्या पेटाऱ्याला लाखेचा आणि जुन्या कोळशाचा असा एक वास होता की आजही कुठे लाख वितळताना वास आला की मला आजोबांचा पाय दिसतो, कारण चेहऱ्यापेक्षा मांडी घालून बसलेल्या त्यांच्या पायाचा घट्टा मला जास्त आठवतो. आजोबांची गिऱ्हाइके हिंदू तशीच ख्रिस्ती. त्यातले एक घर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतले, मोठे भाटकार, म्हणजे जमीनदार. गावाचे नाव काकांनी सांगितले, मी इथे लिहीत नाही. १९५७ साली त्या घरातल्या मुलीचे लग्न ठरले. घरचेच जुने सोने आटवून नवे दागिने करायचे होते. एक जाड साखळी, कानातले, मनगटातली जोडी आणि केसात खोवायची सोन्याची दांतोणी. सोने त्यांचे, हात आमचा. म्हणजे आमचे येणे ते फक्त घडणावळीचे, एकशे पंचेचाळीस रुपये. तेव्हाचे, पोर्तुगीज रुपये. दागिने तयार झाले, आजोबा तेरा वर्षांच्या काकांना बरोबर घेऊन ते पोचवायला गेले, आणि फाटकातच कळले की थोरला भाटकार पहाटे वारला.

"बाबा म्हणाले, परत जाऊया. पण सोने त्यांचे. बरोबर घेऊन कसे जाणार? मयताच्या घरचे सोने आपल्या घरात ठेवायचे?"

मग आजोबा बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून राहिले, सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. दगडी बाक, मांडीवर लाल फडक्याची पुरचुंडी, शेजारी काका. माणसे येत होती, काळे कोट, काळे पदर, पाद्री, बँडवाले. त्यांना वाटले हासुद्धा समाचाराला आलाय, म्हणून जाता येता दोघे-चौघे आजोबांचा हात हातात घेऊन हळहळून गेले. आजोबांनीही प्रत्येकाला मान डोलावली. काय करणार? तीन वाजता पेटी उचलली तेव्हा घरातल्या एका बाईने बाहेर येऊन पुरचुंडी घेतली, उघडलीसुद्धा नाही, आणि म्हणाली, शेट, आता दुख आहे, वर्षाने काजार होईल तेव्हा हिशेब करू. काजार म्हणजे लग्न.

मी हसले. काकाही हसले, पण माझ्यानंतर.

'त्रिकाल'मधला विनोद हा असाच आहे. बेनेगल कोणाच्या तोंडी चुटके घालत नाहीत. मयत आणि साखरपुडा एकाच दाराने आत घेतात आणि दाराशी कोंडी झाली की कॅमेरा तिथेच ठेवून बघत राहतात. लीला नायडूंची दोना मारिया नवरा गेल्याचे मानायलाच तयार नाही. तिच्या त्या न मानण्यात दुःख किती आणि हट्ट किती, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि नायडूंनी ते कळू न देण्यातच सगळा अभिनय केलाय. बाकी घर तिच्याभोवती मुंग्यांसारखे फिरते. कोण लग्नाच्या काळजीत, कोण लिस्बनच्या, कोण नुसता दारूच्या पेल्यात. बाहेर भारताचे सैन्य येऊन ठेपणार आहे, आणि आत चर्चा कसली, तर सुतक किती महिने पाळायचे.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यांदा पाहतानाही खटकली होती आणि आता काकांमुळे तिला नाव मिळाले. या घरात सगळे हिंदी बोलतात. हिंदी सिनेमा आहे, बोलणारच, त्यात बेनेगलांचा दोष नाही. पण गोव्यातल्या त्या घरांमध्ये भाषेचा एक जिना होता. काका सांगत होते की ती बाई मुलीशी पोर्तुगीज बोलली, कुत्र्याशी पोर्तुगीज बोलली, पाद्र्याशी पोर्तुगीज बोलली, आणि आजोबांकडे वळली तेव्हा कोंकणी. आजोबांनी ते कोंकणीत ऐकले आणि घरी येऊन वहीत मराठीत उतरवले. एकशे पंचेचाळीस रुपयांचा व्यवहार, तीन पायऱ्या उतरून आमच्या वहीत आला. सिनेमात मालकीण आणि मोलकरीण एकाच भाषेत बोलतात तेव्हा तो जिनाच नाहीसा होतो, आणि सगळे एका मजल्यावर राहतात असे वाटू लागते.

तशी अढी एका बाजूची नव्हती, हेही सांगायला हवे. त्या दिवशी दुपारी घरातल्या एका नोकराने काकांना पाण्याचा पेला आणून दिला. आजोबांनी डोळ्यांनीच नको म्हटले. प्यायचे पाणी त्यांनी घरून तांब्यातून नेले होते, आणि ते दुपारी बारालाच संपले होते. त्यांनी आम्हाला सालात, म्हणजे दिवाणखान्यात, बसवायचे नाही, आम्ही त्यांचे पाणी प्यायचे नाही. दोघांचाही मान राहिला. तेरा वर्षांचा मुलगा तेवढा तहानलेला राहिला. "तो पेला अजून दिसतो," काका म्हणाले. "काचेचा. त्यावर निळी वेल होती. बाहेरून घाम आलेला."

लोटलीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या घरात हा सिनेमा चित्रित झाला. मारिओ असतानाच मी एकदा ते घर बाहेरून पाहिले होते, रस्त्यावरून, फाटकाच्या गजांतून. शाळेतल्या पोरीने बघावे तसे. मारिओंच्या चित्रांतली ती गच्च भरलेली माणसे, फुगीर बायका, बारके नवरे, खिडकीतून डोकावणारी मांजरे मला लहानपणापासून पाठ होती, आणि त्या घरात हीच माणसे राहत असणार अशी माझी खात्री होती. सिनेमात तशीच काही माणसे दिसतातही. पण छायालेखक अशोक मेहतांनी त्यांच्यावर मेणबत्त्यांचा उजेड टाकलाय आणि त्या उजेडात मारिओंच्या रेषेतला टोचरा भाग विरघळून जातो. रात्रीच्या जेवणाची ती दृश्ये. टेबलावर चांदी, भिंतीवर सावल्या, चेहऱ्यांची एकच बाजू उजळलेली. बघताना घशाशी येते इतके सुंदर. काका त्याच वेळी डुलकी काढत होते असा माझा समज होता. तसे नव्हते.

"बाबा रात्रीचे सोने कधी घेत नसत," भज्यांची बशी संपवून ते म्हणाले. "दिव्याखाली पितळसुद्धा सोने दिसते. कसाला लावायचे ते उन्हात."

बेनेगलांना हे ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. सिनेमाची सुरुवातच उन्हात होते. नसीरुद्दीन शाहांचा रुईझ परेरा चोवीस वर्षांनी गोव्यात परततो, त्या पडक्या घरापाशी येतो, आणि मग आठवणीत मेणबत्त्या पेटतात. म्हणजे जो सोनेरी उजेड आपण दोन तास बघतो तो रुईझच्या डोळ्यातला. दिग्दर्शकाने कसोटीचा दगड आधीच हातात दिलेला असतो, फक्त तो आपण खिशात घालून विसरतो. मी तरी विसरले. ज्या बेनेगलांनी 'अंकुर'च्या शेवटी जमीनदाराच्या खिडकीवर पोराला दगड मारायला लावला, त्यांनी अकरा वर्षांनी १९८५ साली भाटकाराच्या घरात कॅमेरा नेला तेव्हा एकही दगड येत नाही. काच आतून, आपोआप तडकते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मला 'अंकुर' जास्त मोठा वाटतो आणि 'त्रिकाल' जास्त वेळा बघावासा वाटतो. यातून माझ्याबद्दल काय ते तुम्ही समजून घ्या.

आणि मग ते भूत.

दोना मारिया नवऱ्याच्या आत्म्याला बोलावते. अंधार करतात, मोलकरणीला, नीना गुप्तांच्या मिलाग्रेनियाला, माध्यम म्हणून बसवतात. आणि येतो कोण? नवरा येतच नाही. येतो सत्तरी तालुक्यातला राणे, कुलभूषण खरबंदांच्या रूपात, त्या घराण्याच्या पूर्वजांनी केलेल्या दग्याचा हिशेब मागायला. इथे सभागृह पुन्हा हसले. हसावे असेच आहे ते. एवढा थाट करून बोलावणे पाठवले आणि पाहुणा दुसराच आला. मीही हसले आणि हसता हसता माझ्या लक्षात आले की अख्ख्या सिनेमात त्या सालात परवानगी न घेता येणारा हा एकच हिंदू माणूस आहे. त्यासाठी त्याला मरावे लागले.

मला वाटले होते काका इथे तरी काही बोलतील. पोर्तुगीजांविरुद्धची राण्यांची बंडे आम्ही शाळेत पाठ केली. १८५२चा दीपाजी, नंतरचा कुष्टोबा, १८९५चा दादा राणे, ज्याला शेवटी तिमोरला पाठवले. नाणूसचा किल्ला बघायला सहल गेली होती तेव्हा किल्ला कुठे आहे हे शोधण्यातच आमचा दिवस गेला. आमच्या पिढीला ते सगळे क्रांतिवीर. पण काका गप्प होते, आणि फोंड्याच्या त्या हॉटेलात मी विचारले तेव्हा त्यांनी तोंड वाकडे केले. आमच्या पणजीच्या तोंडी राणे वेगळ्याच रूपात होते. पोर झोपेना की ती म्हणायची, "न्हीद, राणे येतले." सोनाराच्या घराला बंडखोर काय नि शिपाई काय, रात्री दार वाजले की पेटारा आधी विहिरीकडे. "भूत त्यांच्याकडे गेले ते बरे झाले," काका म्हणाले. "आमच्याकडे आले असते तर आमच्याकडेही काही मागितले असते."

हे मला कोणी शिकवले नव्हते. पडद्यावरचा राणे आमचा, असे मानून मी त्या अंधारात थोडी ताठ बसले होते.

आत्मे बोलावण्याचे तरी आम्हाला कुठे नवल? आमच्या आजोळी, देवळात अवसर येतो, म्हणजे कुणाच्या अंगात देव येतो, त्या दिवशी आजी पहाटे उठून न्हाऊन जायची. थोरला मामा विहिरीत बुडून गेला होता, आणि तिला फक्त एवढेच विचारायचे असायचे की पाय घसरला की काय. तीन वर्षे गेली. तिन्ही वर्षे अवसराने मामाचे नाव काढले नाही, देवचाराचा, म्हणजे गावराखण्याचा, रोट चुकला, कोंबडा राहिला, एवढेच सांगितले. आजी प्रत्येक वेळी घरी येऊन पदर खोचायची आणि कोंबड्याच्या तयारीला लागायची. मी आठ वर्षांची होते, मला कोंबड्याचा आनंद व्हायचा. दोना मारियाचा तो भुताकडे बघतानाचा चेहरा, भीती कमी आणि निराशा जास्त, तो मी पहिल्यांदा लीला नायडूंच्या तोंडावर पाहिला नाही.

वर्षाने काजार झाले नाही. दुसऱ्या वर्षी थोरली भाटकारीण गेली, पुन्हा दुख. मग १९५९ उजाडले आणि रुपया जाऊन इश्कुद आला, एका रुपयाला सहा. आजोबांनी वहीत एकशे पंचेचाळीसवर आडवी रेघ ओढून बाजूला आठशे सत्तर लिहिले. काका म्हणतात, त्या दिवशी बाबा खुशीत होते, आकडा मोठा दिसत होता. मुलीचे लग्न कधी झाले कळलेच नाही. १९६१च्या डिसेंबरात बाणस्तारीचा पूल उडवला तो आवाज माशेलला आमच्या घरात ऐकू आला, कौलांवरून माती गळली. काका सतरा वर्षांचे. दुसऱ्या दिवशी ते मित्रांबरोबर सैनिकांना बघायला धावले आणि आजोबा घरात बसून राहिले. सगळे म्हणाले, शेट, गोवा सुटला, चल! आजोबा म्हणाले, येतो, आणि वही काढून बसले. मग कळले की सासष्टीतले ते कुटुंब लिस्बनला गेले. इश्कुद गेला, भारताचा रुपया आला. भाव तोच, सहाला एक. आजोबांनी आठशे सत्तरवर रेघ मारली आणि पुन्हा एकशे पंचेचाळीस लिहिले.

ती वही मी त्या रात्री पाहिली. माशेलला पोचायला नऊ वाजले, काकूने दार उघडता उघडता उशिराबद्दल दोघांनाही झापले, आणि काकांनी चप्पलसुद्धा न काढता कपाटातून ती काढून दिली. लांबट, लाल कापडी बांधणीची, कोपरे वाळवीने कातरलेले. मोडी वळणाची मराठी, मला निम्मी लागली. बाकी सगळ्या खात्यांवर 'फिटले' अशी तिरकी सही. या एका खात्यावर तीन आकडे, दोन रेघा, आणि खाली दर पाडव्याला पुन्हा लिहिलेले 'येणे'. १९७९ला आजोबा गेले तिथपर्यंत एक हात. त्याच्या खाली दुसरा, निळ्या बॉलपेनाचा. शेवटची ओळ गेल्या दिवाळीची होती आणि त्यातला 'ये' कापरा होता.

मी काकांकडे पाहिले. ते काकूने वाढलेला भात कालवत होते.

"व्याज धरले नाही?" मी विचारले, काहीतरी विचारायचे म्हणून.

"घडणावळीवर व्याज नसते," ते म्हणाले. मग घास तोंडाशी नेता नेता थांबले. "त्या सिनेमात सगळ्यांचे काळे कपडे होते बघ. म्हातारीचे, मुलींचे, पोरांचे. केवढी माणसे! मयत झाल्यावर एका रात्रीत कोणी शिवून दिले असतील?"

त्या सिनेमाच्या वेशभूषेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, मी सांगितले. सबा झैदींना.

"पुरस्कार वेगळा," काका म्हणाले. "शिंप्याचे दिले काय?"